टोपडं घातलेला पर्जन्यमापक

मी एक जुना पर्जन्यमापक आहे, मित्रांनो, आणि आज मी रागावलेलो आहे. पोटात जेवढा पाऊस पडेल तेवढाच सांगायचा, एवढंच मला येतं. तेही मला करू दिलं नाही.

एका कारागिराने मला जस्ती पत्र्यातून घडवलं. वर नरसाळं, काठाला पितळी कडं, पोटात बाटली. "हा शंभर पावसाळे काढेल," असं म्हणून त्याने मला शेती कार्यालयाच्या अंगणात झाडांपासून लांब उभं केलं. तेव्हाचे शिपाईकाका रोज सकाळी आठला माझ्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचे आणि आकडा फळ्यावर लिहायचे. पेरायचं की थांबायचं, हे शेतकरी तो फळा बघून ठरवायचे. पाऊसही तेव्हा शहाण्यासारखा वागायचा.

आता त्याचं डोकं फिरलंय. महिनाभर दडी मारतो आणि सगळं पाणी दोन तासांत ओतून मोकळा होतो. अशा दिवसांत मला जास्तच जपायला हवं होतं, आणि जपलंही. नव्या शिपायाने माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून वर सुतळी आवळली. का, तर पावसात भिजून मी गंजू नये! रोज आठला तो पिशवी सोडायचा, कोरडी बाटली बघायचा आणि वहीत 'निरंक' लिहायचा. लिहिताना त्याच्या छत्रीतून पाणी गळत असायचं. कार्यालयातले साहेब खाली सही ठोकायचे.

गावातल्या एका शेतकरी मावशींचा घेवडा ऐन फुलात होता. एका दुपारी आभाळ फाटलं आणि सगळं शेत आडवं झालं. आभाळाचा भरवसा उरला नाही म्हणून मावशींनी पिकाचा विमा वेळेवर उतरवला होता. पण विमा ठरायचा माझ्या आकड्यावर. साहेबांनी वही पुढे सरकवली.

"मावशी, त्या दिवशी पाऊस निरंक आहे."

"मग माझं शेत कुणी बुडवलं? तुम्ही?"

"नोंदच नाही, त्याला मी काय करू?"

मावशी तरातरा अंगणात आल्या. माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं,

"याला हे टोपडं कुणी घातलं?"

"मीच," शिपाई कौतुकाने म्हणाला. "बघा, गंजाचा एक डाग नाही."

मावशींनी सुतळी तोडली. "सही झालेली नोंद बदलत नाही," म्हणत साहेबांनी वही मिटली. विमा मिळालाच नाही. त्यांच्या वहीत तो दिवस आजही कोरडा आहे, आणि ते आठवलं की माझा पत्रा तापतो.

मावशींनी हात टेकले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी निम्मं शेत आधी पेरलं, निम्मं पंधरा दिवसांनी. पाणी निघून जायला चर खणले. थोड्या जागेत कमी पाण्यावर तगणारं धान्य घेतलं. बांधावर माझा एक धाकटा भाऊ उभा केला. त्याचा आकडा दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसकट मावशी कार्यालयात देतात आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाहीत. पाऊस झालेला असला, की जाताना माझ्या नरसाळ्याच्या आतून हात फिरवतात. हात ओला लागला तरच पुढे जातात.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर मला झाकू नका. गंजलो तर नवा आणा. पण कुणाचं पीक पुन्हा कोरड्या वहीत बुडू देऊ नका. मला भिजू द्या.