खालच्या खोलीतला आकडा

"तुझं घर पाण्यावर तरंगतं का रे, सुलो?" यंत्र डोळ्यांजवळ नेत कैसाने विचारलं.

सुलो कॉफी ओतत राहिला. थोडी बशीत सांडली.

गावाने मिळून घेतलेलं रेडॉन मोजायचं ते यंत्र हिवाळाभर घरोघरी फिरत होतं, आणि फिरवायचं काम कैसाकडे होतं. जमिनीतून घरात शिरणारा हा वायू. ना वास, ना रंग, पण वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसं पोखरणारा. आकडा तीनशेच्या वर गेला की घर धोक्याचं. तळ्याकाठची सगळी घरं एकाच खडीच्या टेकाडावर होती. सुलोच्या अलीकडच्या घरी हजार निघाले, पलीकडे त्याहून जास्त. सुलोकडे चाळीस.

"घर मी बांधलंय, तुझ्या नवऱ्याने नाही," सुलो म्हणाला.

"त्याने बांधलं असतं तर एव्हाना तळ्याच्या तळाशी असतं." कैसा हसली. मग तिने यंत्र नाकाशी धरलं. बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. "सौनात ठेवलंस ना? कपडे बदलायच्या खोलीत?"

सुलोची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, किनाऱ्यावर, पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी होती. तिच्याखाली जमीनच नव्हती.

सुलोने सांडलेली कॉफी पुसली. रविवारी त्याची मुलगी मारित, छोट्या सैमीला घेऊन, कायमची राहायला येणार होती. सैमीची खाट त्याने खालच्या खोलीत मांडून ठेवली होती. त्या खोलीत लेम्पीने, त्याच्या बायकोने, जन्मभर शिवणकाम केलं. सिगारेटला तिने कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिचे पाय गारठू नयेत म्हणून दर शरदात सुलो खिडकीच्या फटींवर कागदी पट्ट्या चिकटवायचा. एकही फट सोडायचा नाही; आतली हवा आतच राहायची.

"खाली ठेव यंत्र," कैसा म्हणाली. "जास्त निघालं तर पंखा बसवू, जमिनीखालची हवा बाहेर ओढून टाकू. त्यावर उपाय आहे."

"मला सैमीचं नाही, लेम्पीचं म्हणायचंय, कैसा."

ते तिला कळलं होतं. यंत्र त्याच्या हातात देऊन ती निघाली. कॉफी अर्धी राहिली. त्या गावात कॉफी टाकून कुणी उठत नसे.

सुलोने यंत्र शिवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जिन्यावर बसला. थोड्या वेळाने वर गेला, पुन्हा खाली आला. आकडा चढत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अकराशेवर होता.

त्याने खाटेचे स्क्रू सैल केले, एकेक फळी वर नेली आणि खाट आपल्या खोलीत जोडली. मग फोन लावला.

"किती आला, बाबा?" मारितने विचारलं.

"अकराशे. सैमी वर झोपेल, माझ्या खोलीत. खाली पंखा बसेपर्यंत कुणी जायचं नाही."

पलीकडे मारितने तो आकडा पुन्हा एकदा उच्चारला.

"म्हणजे आई..." मारित म्हणाली आणि थांबली.

"हो," सुलो म्हणाला.

खाली जाऊन त्याने सुरीने खिडकीवरच्या पट्ट्या खरवडल्या. एका वर्षाच्या कागदाखाली आदल्या वर्षाचा, त्याखाली त्याच्याही आधीचा. खिडकी कुरकुरत उघडली. गोठलेल्या तळ्यावरचा वारा सरळ आत आला आणि टेबलावरची दोऱ्याची रिळं हलली.

लेम्पीच्या खुर्चीखाली तिचे लोकरी मोजे होते. सुलोने वाकून ते उचलले आणि वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवले.