लाल खुंटी

खोदाईच्या कागदावर सही करणार नाही, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलं तेव्हा बोअरवाल्याचं मशीन पटांगणात येऊन उभंही राहिलं होतं.

आमच्या जमिनीखालचं गरम पाणी खडकातल्या एका मोठ्या भेगेतून वर चढतं. भेग गाठली तर वाफ, हुकली तर कोरडी विहीर. भेगेच्या एका बाजूचा खडक खचलेला असतो, त्यावर हलकी माती साचते आणि तिथे गुरुत्वाकर्षणाची ओढ जराशी कमी भरते. ती मोजायला मी महिनाभर यंत्र घेऊन पायपीट केली. ऑफिसात मला सगळे वजनकाटा म्हणतात. म्हणोत बापडे.

मोजणीच्या अकराव्या खुणेनंतर आकडा एकदम उतरला. साहेबांनी तिथे लाल खुंटी ठोकली आणि वरपर्यंत कळवूनही टाकलं.

मग एके दिवशी बाराव्या खुणेजवळच्या पंपघराचं दार मला सापडेना. दारावरचा झरोका तेवढा माझ्या घोट्याशी होता. इथे कधीतरी भराव पडला होता आणि जमिनीची उंची मी जुन्या नकाशावरून उतरवली होती. उंचावर ओढ कमीच भरणार. भेग नव्हतीच तिथे, माझी चूक होती.

बाबा गवंडी. त्यांची पातळी बघायची पाणी भरलेली नळी आणून मी दोन दिवसांत सगळ्या उंच्या पुन्हा मोजल्या. लाल खुंटीजवळचा आकड्याचा उतार साफ गेला. दुसरा एक, आधी किरकोळ वाटलेला, मात्र जागचा हलला नाही. तो होता साहेबांच्या गाडीच्या शेडखाली.

साहेब म्हणाले, चूक तुमची आणि वर तोंड करून बोलता? सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मी घाबरले. नोकरी मला हवीच होती. पण रागही तेवढाच आला होता.

आमच्याकडे ज्याची सही, त्याने खुंटीजवळ उभं राहायचं, मगच मशीन सुरू होतं. बोअरवाल्याने विचारलं, "उभं कोण राहणार?"

"लाल खुंटीजवळ साहेब," मी म्हटलं. "सही करून. मी शेडमध्ये उभी राहते."

साहेबांनी त्या झरोक्याकडे बघितलं. "आणि तिथेही कोरडी निघाली तर?"

"तर तीही चूक माझ्या नावावर. पहिली होतीच."

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ते शेडकडे वळले.