जड ट्रिगर

"ही मी नाही मारली," विभा म्हणाली.

तिने रायफल टेबलावर ठेवली, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून अडकवला आणि रिकाम्या चेंबरमध्ये दोनदा डोकावून पाहिलं. मग कानांवरची कवचं गळ्यात सरकवून ती मागे, माझ्या बाकापाशी आली. मी पुस्तक मिटलं. शनिवारची सकाळ होती. जर्मनीतल्या ताउनुसच्या डोंगरातल्या त्या रेंजवर आम्हा नवरा-बायकोशिवाय फक्त डीटर होता. डीटर म्हणजे तिच्या शुट्झेनफेराइनचा, नेमबाजांच्या क्लबचा, जुना सभासद, निवृत्त बसचालक. त्या दिवशी देखरेखीची पाळी त्याची होती.

"कागदाला लागली ना पण?" मी विचारलं.

"लागली हो. नऊच्या वर्तुळात लागली. पण मी मारली नव्हती. मी अजून थांबले होते."

मला समजायला वेळ लागला. मला बहुतेक गोष्टी आधी वाचून समजतात, समोर घडलेल्या नंतर. तिच्या रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा. आधी बोट थोडं सैलसर मागे जातं, मग एक भिंत लागते. नेमबाज त्या भिंतीशी थांबतो, श्वास अर्धा सोडतो, आणि मनाची खात्री झाली की शेवटचा दाब देतो. वीसेक वर्षं विभा त्या भिंतीशी थांबत आली होती. गेल्या वर्षी स्तनाच्या कर्करोगासाठी केमो झाली. केस परत आले. बोटांच्या टोकांतली जाणीव आली नाही. चहाचा कप गरम आहे हे तिला ओठांना कळतं, हाताला नाही.

"भिंतच लागत नाही मला," ती म्हणाली. "बोट थेट पलीकडे. म्हणजे मी विचार करतेय आणि गोळी गेलीसुद्धा."

"डीटरला सांगायचं?"

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो पाठ करून थर्मासमधून कॉफी ओतत होता.

"सांगायचं. पण आधी मला कळू दे, नक्की काय सांगायचं ते."

त्या दिवशी तिने पुढे एकही गोळी झाडली नाही.

विभाबद्दल लिहायचं तर काय लिहावं, हा मला नेहमीचा प्रश्न. तिने बाड हॉम्बुर्गच्या एका कंपनीत बावीस वर्षं लोकांचे पगार काढले. गणपतीत मराठी मंडळाचे उकडीचे मोदक केले. सांगलीला कॉलेजात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, आणि इथे ऑफिसातल्या एका बाईने क्लबच्या खुल्या दिवशी ओढून नेलं, तेव्हा पस्तीस-चाळीस माणसांसमोर पालथं पडून नेम कसा धरतात हे तिला अजून आठवत होतं, एवढंच. पुढे परीक्षा, परवाना, घरात भिंतीला बोल्ट मारलेली पोलादी तिजोरी. मंडळात सगळ्यांना वाटतं की मी तिला घाबरतो. मी कधी नाकारलं नाही. मला नेमबाजी येत नाही. मी आयुष्यभर सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या पुस्तिका लिहिल्या, आणि त्यातलं एकही सॉफ्टवेअर मला धड वापरता आलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिने ताटं मांडता मांडता निकाल दिला.

"एकच टप्पा असलेला ट्रिगर मिळतो बाजारात. वेगळा विकत घेऊन बसवता येतो. भिंत शोधायचीच नाही, बोट टेकलं की तिथेच सुरुवात. तो बसवून बघू. जमलं तर ठीक. नाही जमलं तर रायफल विकायची."

"विकायची?"

"मग काय करायचं? न मारता गोळी जाते अशी बाई रेंजवर कशाला हवी? मीच तिला उभं राहू दिलं नसतं." तिने कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही वाचा. कुठला चांगला ते काढा. तेवढं तर येतं तुम्हाला."

मग मी वाचत बसलो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी वाचतो. जर्मन मंचांवरचे वाद, अमेरिकन नेमबाजांची परीक्षणं, नकाशांसारखे आलेख. सगळ्यांना हलका ट्रिगर हवा होता. जितका हलका तितका गोळ्यांचा पुंजका लहान. तो सुटतो तेव्हा काचेची कांडी मोडल्यासारखं वाटतं, असं प्रत्येकाने लिहिलेलं. उपमा एकच, माणसं शंभर. मला ते पटलं. विभाचा हात आजारातून उठलेला, तिला हलकंच हवं, असं मी धरून चाललो. कुठेही असं लिहिलं नव्हतं की परीक्षण लिहिणाऱ्याच्या बोटांना सगळं कळत होतं. हे मला सुचायला हवं होतं, की नव्हतं, कोण जाणे.

रविवारी बॉनहून वेदांगचा व्हिडिओ कॉल आला. आमचा मुलगा मराठी समजतो आणि जर्मनमध्ये उत्तर देतो. फार काळजी वाटली की मात्र मराठीत येतो.

"आई, बास ना आता. प्लीज. बागकाम कर. कोरसला जा."

"माझा आवाज ऐकलायस ना? कोरस बंद पडेल."

"मी सीरियसली बोलतोय. बाबा, तुम्ही सांगा ना तिला!"

दोघं माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "मी तिच्यासाठी ट्रिगर शोधतोय."

वेदांगने कपाळावर हात मारला. "आख, बाबा."

बंदुकांची दुरुस्ती करणारी फ्राउ हार्टविग पुढच्याच गावात राहते. दुकान म्हणजे खाली कार्यशाळा, वर घर, आणि काउंटरखाली झोपलेलं एक म्हातारं कुत्रं. मी निवडलेलं मॉडेल सांगितलं तेव्हा तिने भुवया उंचावल्या. "उत्तम आहे. तुम्ही नेमबाज?" मी नाही म्हणालो. विभा म्हणाली, "ते वाचक आहेत."

फ्राउ हार्टविगने एका फळीवर घट्ट बसवलेले दोन सांगाडे काढले. नळी नाही, गोळीला जागा नाही, आत फक्त ट्रिगर. तिने आपल्या हाताने प्रत्येक एकदा चालवून दाखवला. कट्. खरंच काचेसारखा आवाज होता.

विभाने तिला सगळं सांगितलं. केमो, बोटं, ती गोळी. लपवालपवी नाही, रडगाणं नाही. डॉक्टरला पोट कुठे दुखतं ते सांगावं तसं. मग माझ्याकडे वळली.

"अहो, इकडे या. बाजूला उभे राहा. मी डोळे मिटून हळूहळू दाबणार. मधेच कधीतरी 'थांब' म्हणायचं. मी सांगणार नाही कधी. तुम्ही ठरवायचं."

"थांब म्हणायचं?"

"हो. मारता सगळ्यांनाच येतं. मला थांबता येतं का ते बघायचंय."

तिने डोळे मिटले. मी निवडलेल्या ट्रिगरवर बोट ठेवलं. मी "थांब" म्हणालो, आणि माझा शब्द पुरा व्हायच्या आत कट् झालं.

"मोठ्याने म्हणा हो. लायब्ररीत नाही आहात."

मी घसा साफ केला. संसारात मी तिला हा शब्द कधी म्हटला नसेन. आणि आता एका परक्या बाईसमोर ओरडून म्हणायचा. "थांब!" कट्. पुन्हा केलं. कट्. एकदा तर तिने नुसतं बोट टेकवलं आणि मी तोंडही उघडलं नव्हतं. कट्.

तिने हात मागे घेतला आणि डाव्या हाताने ते बोट चोळलं. मला तिच्याकडे पाहवेना. मी काउंटरवरच्या ब्रशांकडे पाहत राहिलो.

"छान आहे," ती म्हणाली. "फार छान आहे. पण माझा नाही." दुसराही तिने करून पाहिला. तो थोडा जड होता. कधी थांबता आलं, कधी नाही. तिने तोही बाजूला सारला. मग ताठ होऊन जर्मनमध्ये विचारलं, "कोणीच घेत नाही असा कुठला आहे तुमच्याकडे?"

फ्राउ हार्टविग हसली. मग हसायची थांबली, आणि खालच्या खणातून एक धुळीचा खोका काढला. एकाच टप्प्याचा, पण दोन किलोंच्या वर दाब लागणारा. पुढची पट्टी वक्र नाही, सपाट. एका माणसाने मागवला आणि आठवड्यात परत केला होता, बोट दुखतं म्हणून. तिने तो फळीवर बसवून दिला.

विभाने बोटाचं टोक टेकवलं आणि मान हलवली. काही कळत नव्हतं. मग तिने बोट आत सरकवलं, टोकापासून पहिल्या सांध्याच्या घडीपर्यंत, आणि तिथे पट्टी धरली.

"असं कोणी शिकवत नाही, फ्राउ पेंडसे. टोकाच्या गादीनेच दाबायचं."

"ती गादी गेली," विभा म्हणाली. "इथे अजून कळतं."

तिने डोळे मिटले. मी पाहत होतो. बोटाचा सांधा पांढरा होत गेला, मनगटावर एक शीर वर आली. कधी म्हणावं मला कळेना. फार लवकर म्हटलं तर परीक्षा खोटी, फार उशिरा म्हटलं तर सगळंच संपलं. शीर थरथरली.

"थांब!"

मी इतक्या जोरात ओरडलो की काउंटरखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. कट् झालं नाही. तिचं बोट तिथेच होतं, दाब धरून. मग तिने तो हळूहळू सोडला आणि डोळे उघडले.

"परत," ती म्हणाली.

आम्ही ते पुन्हा पुन्हा केलं. ती थांबत गेली. एकदा मी रेंगाळलो आणि कट् झालं, तेव्हा ती म्हणाली, "ही चूक तुमची, माझी नाही. मी मारायचं ठरवलंच होतं." फ्राउ हार्टविगला आमची भाषा येत नव्हती, तरी ती माझ्याकडे पाहून हसली.

"हा मला अडवतो," विभा बोट चोळत म्हणाली. "तो हलका सगळ्यालाच हो म्हणतो. हा आधी विचारतो."

"पण एक सांगते," फ्राउ हार्टविग म्हणाली, "एवढ्या दाबाने रायफल हलणार. नेम फाकणार. तुम्ही टीममध्ये आहात ना? ऑक्टोबरच्या स्पर्धेत गुण जातील."

"जातील," विभा म्हणाली. "बसवून द्या."

मी निवडलेला ट्रिगर फ्राउ हार्टविगने परत काचेमागे ठेवला. घरी येताना गाडीत मी म्हणालो, "मी चुकीचं वाचलं." विभा म्हणाली, "बरोबर वाचलंत. दुसऱ्या कुणासाठी." मग तिने मला सिग्नल हिरवा झाल्याचं दाखवलं.

नवा ट्रिगर बसवून झाल्यावरच्या शनिवारी ती डीटरसमोर उभी राहिली. कुलूपबंद पेटी अजून उघडली नव्हती.

"डीटर, मागच्या महिन्यात माझी एक गोळी माझ्या इच्छेविरुद्ध गेली. माझ्या बोटांची जाणीव गेलीय. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

डीटरने कप खाली ठेवला.

"मी पाहिलं होतं," तो म्हणाला. "तुझा खांदा दचकला. वीस वर्षांत तुझा खांदा कधी दचकलेला मी पाहिला नाही. तू त्या दिवशी पुढे झाडली नाहीस, म्हणून गप्प बसलो. आज न बोलता पेटी उघडली असतीस, तर मी तुला रेंजवर जाऊ दिलं नसतं, विभा."

"गेनाऊ, बरोबरच आहे. मग आता तूच तपास. आधी रिकामी, मग एकेक गोळी भरून. माझ्या मागे उभा राहा आणि वाटेल तेव्हा ओरड. आज मी नापास झाले तर इथूनच हार्टविगकडे विकायला नेते."

तो कानांवर कवचं चढवून तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. मी बाकावर बसलो. पुस्तक आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

रिकाम्या रायफलीने तो बराच वेळ ओरडत होता आणि ती थांबत होती. मग त्याने मान डोलावली. तिने एक गोळी भरली. डीटर गप्प. आवाज झाला, डोंगरात घुमला. दुसरी भरली. डीटर पुन्हा गप्प. तिसरीलाही तो गप्प. मला वाटलं, आता तो ओरडणारच नाही, त्याला तिची दया आली. चौथी. मी तिच्या मनगटावरची शीर पाहत होतो. ती वर आली, थरथरली, आता...

"स्टॉप!"

आवाज झाला नाही. कुठेतरी एक कावळा ओरडला तेवढंच. विभाचं बोट ट्रिगरवरून सुटलं आणि रायफलीच्या लाकडावर सरळ पडून राहिलं. तिने सेफ्टी लावली. मान न वळवता ती वाट पाहत राहिली.

"वायटर," डीटर म्हणाला. पुढे चालू.

तिने सेफ्टी काढली, बोट सांध्यापर्यंत आत घातलं, आणि ती गोळी झाडली. तिने. पाचवीही.

डीटरने कागद आणला. पूर्वी तिच्या पाच गोळ्यांवर दोन युरोचं नाणं ठेवलं तर बहुतेक झाकल्या जायच्या. आता त्यांच्यावर बशी ठेवावी लागली असती.

"तू झाडू शकतेस," डीटर म्हणाला. "त्याबद्दल माझी तक्रार नाही. आल्झो, म्हणजे..." तो कागदाची कड सरळ करू लागला. "टीमचं..."

"टीममध्ये माझ्या जागी दुसरं कुणी घे," विभाने त्याचं वाक्य पुरं केलं. "माझं नाव काढ. आजच काढ."

त्याने मान हलवली. "आणि शनिवारी?"

"शनिवारी मी आहेच."

तिने रायफल पुसून पेटीत ठेवली, झाकण लावलं. पेटीला कुलूप घातल्याशिवाय इथे ती गाडीत नेता येत नाही. छोटंसं कुलूप, त्याहून छोटी किल्ली. किल्ली तिच्या बोटांतून निसटून काँक्रीटवर पडली. माझा हात पुढे गेला. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी तो खिशात घातला. ती वाकली, नजरेने किल्ली शोधली, दोन बोटांच्या सांध्यांमध्ये धरून उचलली. भोक चुकलं. पुन्हा चुकलं. मग किल्ली आत गेली आणि फिरली. तिने कुलूप ओढून पाहिलं, आणखी एकदा ओढून पाहिलं.

डीटर दाराशी दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभा होता. तिचं कुलूप लागेपर्यंत त्याने दिवा तसाच चालू ठेवला होता.