पुठ्ठ्यावर न पडलेला डाग

"ह्यांना हल्ली पहिली हाक पोचतच नाही गं," असं सासूबाई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या होत्या. सुनेनं ते हसण्यावारी नेलं. "चाळीस वर्षांच्या संसारानंतर कुठल्या नवऱ्याला पोचते, आई?" दोघी हसल्या आणि विषय तिथंच संपला.

आबांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, सारा जन्म गॅरेजात गेला. आता वीस वर्षांची जुनी एसयूव्ही आणि चार वर्षांची नात चिमणी हेच त्यांचं जग. चिमणीला रोज बालवाडीत सोडणं, आणणं त्यांच्याकडेच. संध्याकाळी ते गाडीखाली पुठ्ठा सरकवायचे आणि सकाळी त्यावरचे तेलाचे डाग वाचायचे: काळा इंजिनाचा, लालसर गिअरबॉक्सचा, उग्र वासाचा दाट डाग मागच्या ॲक्सलचा. "काय आबा, आजचं भविष्य काय म्हणतंय?" शेजारी विचारायचे.

त्या दिवशी तिला सुट्टी होती, म्हणून चिमणीशेजारी मागं बसली. चौकात गाडी डावीकडे वळली आणि पुढच्या चाकातून आवाज आला. कट्, कट्, कट्. गाडी सरळ झाली, आवाज बंद.

"आबा, गाडी दात खातेय!" चिमणी ओरडली.

आबा समोर बघत होते.

"रोजच खाते," चिमणी आईला म्हणाली. "मी सांगते, पण आबा बोलतच नाहीत."

तिच्या मनात पाल चुकचुकली. गाडीचं सोडा, हा माणूस आणखी काय काय ऐकत नसेल?

चिमणीला सोडल्यावर तिनं समोर बसून विषय काढला. "छे! पुठ्ठा कोरा आहे," आबा म्हणाले. "गाडी ठणठणीत."

"मग मिस्त्रींना दाखवायला काय हरकत आहे?"

मिस्त्री आबांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवून अंगणात सावकाश एक गोल फेरी मारली. कटकट भिंतीवर आदळून परत येत होती. आबा गाडीकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होते.

गाडी जॅकवर चढली. चाकामागच्या जॉइंटवरचं रबरी आवरण फाटलेलं, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे फराटे. "उस्ताद, हे ग्रीस खाली ठिबकत नाही, फिरत्या चाकाबरोबर उडतं. पुठ्ठ्यावर काय दिसणार? तुम्हीच तर शिकवलंत, वळताना कान द्यायचा."

 आबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. टोक चाकामागच्या लोखंडाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. मिस्त्रीनं हातानं चाक फिरवलं.

"येतोय," आबा हळूच म्हणाले. "हाडातून येतोय. कानातून नाही."

ती जवळ गेली, अगदी समोर. "आबा, मागच्या गाड्यांचे हॉर्न?"

"ऐकून वर्ष झालं असेल." ते स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिले. "म्हटलं, बोललो तर चावी काढून घ्याल. पोरीला सोडणं, एवढंच तर काम उरलंय."

 रोज त्या मागच्या सीटवर तिचं लेकरू बसलेलं असायचं. जिभेच्या टोकावर आलेलं कडू बोलणं तिनं गिळलं, कारण पहिला इशारा हसून उडवणारी तीच होती. तिनं नुसता हात पुढं केला. आबांनी चावी ठेवली.

जॉइंट बदलला. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी ती चालवते; आबा शेजारी बसतात, क्लच कसा दाबू नये ते सांगतात, आणि बालवाडीच्या फाटकापर्यंत चिमणीचं बोट त्यांच्याच हातात असतं.

तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं वयस्कर माणूस आज पाठमोरं बसलेलं दिसेल, तेव्हा साध्या आवाजात एकदा हाक मारा. दुसरी लगेच मारू नका. पहिली पोचली का, तेवढं बघा.