खिडकीवरचे दात

फॉर्मवर दोनच चौकोन होते. या घरात शिशाचा रंग आहे हे मला ठाऊक आहे, हा पहिला. मला काही ठाऊक नाही, हा दुसरा. बाल्टिमोरमध्ये जुनं घर विकायचं तर हा कागद भरावाच लागतो.

"दुसऱ्यावर खूण करा, हन, आणि मोकळ्या व्हा," घर विकून देणारी डोरीन म्हणाली. इथे बायका सगळ्यांनाच लाडाने 'हन' म्हणतात. "तुम्ही कधी तपासणी करून घेतली नाहीत ना? मग तुम्हाला ठाऊक नाही. अख्खं शहर तिथेच खूण करतं."

मी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. कारण मला ठाऊक होतं. सदतीस वर्षं ठाऊक होतं.

आमच्या पोलिश गल्लीतले सगळे पुरुष जहाजांच्या गोदीत कामाला. दरवर्षी ईस्टरच्या आठवड्यात बायका दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या घासायच्या आणि पुरुष खिडक्या खरवडून नव्याने रंगवायचे. रंग अर्थातच जहाजाचा, डब्याडब्याने घरी आणलेला, करडा-हिरवा. समुद्रालासुद्धा दाद देत नाही, असं माझा नवरा ब्रोनेक छाती फुगवून सांगायचा. शनिवारी आम्ही अंड्यांची टोपली चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणायचो, तेव्हा सबंध गल्लीच्या खिडक्या एकाच रंगात चकाकत असायच्या. खरवडलेल्या रंगाची धूळ मी झाडून काढायचे, तीही कडेवर पोर घेऊन.

ते पोर म्हणजे लुतेक. दोन वर्षांचा असताना बापाची वाट बघत तो पुढच्या खिडकीशी उभा राहायचा आणि चौकट कुरतडायचा. त्याच्या दातांच्या खुणा पाहुण्यांना आम्ही कौतुकाने दाखवायचो. आमचं उंदराचं पिल्लू!

मग दवाखान्यातून पत्र आलं. मुलाच्या रक्तात शिसं, तेही फार; त्याने मेंदूला इजा होते, शिकणं अवघड जातं. खिडक्या काढून टाका. ब्रोनेकने ते वाचलं आणि टेबलावर मूठ आपटली. "माझा रंग माझ्याच पोराला विष देईल?" त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. मी खिडकीपुढे कपाट सरकवलं, पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि गप्प बसले. लुतेकला शाळेत अक्षरं लागेनात. नन त्याला शेवटच्या बाकावर बसवायच्या, बाप आळशी म्हणायचा, आणि हळूहळू तो स्वतःच स्वतःला ढ म्हणायला लागला. मी ते ऐकायचे आणि त्याच्या ताटलीत सूप वाढायचे. भित्री होते मी, दुसरं काय!

ब्रोनेक गेला. माझ्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून घर विकायला काढलं. मागच्याच रविवारी मारिसेला नावाची तरुण बाई नवऱ्याला आणि दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन घर बघायला आली. लुतेकने आवराआवरीत ते कपाट बाजूला केलं होतं. मुलगी रांगत रांगत थेट खिडकीशी गेली, धरून उभी राहिली आणि चौकटीला तोंड लावलं.

"हे बघ, माझी वारसदार!" लुतेक हसला. "या खुणा माझ्या आहेत, बरं का."

मी गुडघे विसरून धावले आणि त्या मुलीला उचललं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी थाप मारली.

म्हणून पेन खाली ठेवलं. डोरीनला म्हटलं, उद्या ये.

ती जाते न जाते तोच शेजारचा झिगा पायऱ्यांवर येऊन बसला. डोरीन जाताजाता त्याच्यापाशी काहीतरी बोलली असणार.

"गेनिया, वेडेपणा करू नकोस. तुझ्या खिडक्यांना जो रंग, तोच आमच्या. तू लिहिलंस की आमची घरं कोण घेणार? आणि ब्रोनेकची अब्रू?"

"ब्रोनेकची अब्रू मी सदतीस वर्षं सांभाळली, झिगा. आता जरा माझी सांभाळू दे. आणि पायरीवरून ऊठ, आत्ताच घासलीय."

पण परक्या बाईला सांगायच्या आधी ते पोटच्या पोराला सांगायला हवं होतं. दुपारी लुतेक जेवायला आला. मी त्याच्यापुढे सुपाऐवजी पत्र ठेवलं.

त्याने ओळीखाली बोट धरून वाचलं. मग त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"म्हणजे मी ढ नव्हतो?"

"नव्हतास रे. कधीच नव्हतास."

"आणि तुला हे माहीत होतं."

"होतं."

तो उठला आणि निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, त्यानेच जास्त लागलं. त्या दिवशी मी जेवढं रडले, तेवढं ब्रोनेक गेला तेव्हाही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीनच्या पाठोपाठच तो आला. डोळे सुजलेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "फॉर्म दे. मी लिहितो."

माझा लुतेक! बँकेतसुद्धा हात दुखतो असं सांगून दुसऱ्याकडून लिहून घेणारा. तो टेबलाशी बसला आणि पहिल्या चौकोनावर खूण केली. खाली माहिती लिहायच्या ओळींवर जीभ दातात धरून मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: पुढच्या खिडकीवर दातांच्या खुणा आहेत, त्या माझ्या. मी दोन वर्षांचा होतो. रक्तात शिसं निघालं. पत्र जोडलं आहे. लहान मुलीला इथे उभी करू नका.

"मी हे नीट टाइप करून आणते," डोरीन म्हणाली.

"एका अक्षराला हात लावायचा नाही!" मी अशी ओरडले की ती खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाली. लुतेक पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "ममा, अजून रागात आहे मी," म्हणाला, आणि मला घट्ट जवळ घेतलं.

मारिसेला तिसऱ्या दिवशी आली, फॉर्म हातात. मला वाटलं, नाही म्हणायला आली.

"आम्ही सात घरं बघितली," ती म्हणाली. "सगळी याच वयाची. सहा घरांत कुणालाच काही ठाऊक नाही. विष कुठे आहे हे मला फक्त या घराचं माहीत आहे. खिडक्या बदलून द्या, तपासणी होऊ दे, आम्ही हेच घेतो."

शिशाचा रंग काढायचा परवाना असलेले कामगार आले. प्लास्टिक अंथरून त्यांनी खिडक्या काढल्या आणि एकेक गुंडाळून बाहेर नेली. सगळी गल्ली दारात उभी. पुढची चौकट गाडीत चढली तेव्हा लुतेकने टोपी काढून तिला सलाम ठोकला. मी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

झिगा बराच वेळ घुटमळला. मग पायरीशी आला, पण बसला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढला. घराची शिशासाठी तपासणी करावी, असा पालिकेकडे करायचा अर्ज होता.

"नात येतेय उन्हाळ्यात राहायला," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. मग कागद आणि पेन त्याने लुतेकपुढे धरलं. "लुतेक, बाबा, मला काही सुचत नाही. तूच लिहून दे. तुझं लिहिलेलं लोक ऐकतात."

लुतेकने पेन घेतलं आणि माझ्या घासलेल्या पायरीवर बसून लिहायला लागला.