चौक्यातला चष्मा

कस्तुरीबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आणि जिवाला एकच घोर लागला: मुनिमहाराजांच्या आहाराला आता आपला हात लागायचा नाही. पलूसच्या त्या घरात चौका लागला, म्हणजे महाराजांसाठी सोवळ्यात स्वयंपाक मांडला, की चाळीस वर्षं तांदूळ त्याच निवडायच्या. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत जेवणार. घासात मेलेला किडा निघाला की अंतराय, जेवण तिथंच थांबलं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी हात टेकले. पण कस्तुरीबाईंचा मुलगा सम्मेद टेकतोय होय! मोबाइल दुरुस्तीचं दुकान, डोकं तल्लख, आईवर जीव. आठ महिने ह्या पठ्ठ्यानं व्हिडिओ बघून होलोग्रामचं शास्त्र पालथं घातलं. चष्म्याच्या काडीला कॅमेरा, कपाळाशी नखाएवढा स्क्रीन आणि काचेवर होलोग्रामची फिल्म. स्क्रीनवरचं मोठं केलेलं चित्र फिल्म वळवून डोळ्यात सोडायची, आणि काचेतून पलीकडचं ताटही दिसायचं.

स्क्रीनवर त्यानं लिहिलेली हिरवी अक्षरं आईनं घडाघडा वाचली. तांदळाकडं बघून तर ती हरखलीच.

"चिंचोक्याएवढा दाणा दिसतुया रं!"

झालं, सम्मेद हवेत.

महाराज आले तेव्हा त्यांना आदल्या दिवसाचा उपवास होता. कस्तुरीबाईंनी सुनेला, प्रियदर्शनीला, निक्षून सांगितलं, "आज तांदूळ माझं मी बघणार." ती बिचारी चुलीकडं वळली.

पहिलाच घास सासूबाईंच्या हातचा. महाराजांनी ओंजळीत निरखून पाहिलं आणि ओंजळ सोडली. भातात काळा सोंडा होता. महाराज तसेच उपाशी निघून गेले. कस्तुरीबाई चष्मा तिथंच टाकून त्यांच्यामागं मंदिराकडं गेल्या.

सम्मेदनं तो किडा ताटातल्या तांदळावर ठेवला आणि चष्मा चढवला. किडा गायब! चष्मा काढला, किडा हजर. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. स्क्रीन उजेडच दाखवणार, आणि काळं म्हणजे उजेड नाहीच. मग फिल्म डोळ्यात सोडणार काय, कपाळ? किड्याच्या जागी चित्राला भोक, आणि भोकातून पलीकडचा पांढरा तांदूळ. अरे देवा! एवढं शिकून हे साधं कसं सुचलं नाही? त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

इलाज सोपा होता. चित्रातले रंग उलटे केले, काळ्याचं पांढरं. सोंडा ठिणगीसारखा चमकला. सम्मेद धावतच मंदिराशी पोचला. आई पायऱ्या उतरत होती.

"आई, सापडलं! आता किडा दिसतुया. घालून तर बघ."

"महाराजांम्होरं नियम घेतलाय मी. जल्मभर चौक्यात पाय ठेवायचा न्हाई."

नियम घेतला म्हणजे तो मोडत नसतो, हे काय सम्मेदला सांगायला हवं? त्याला रडूच फुटलं.

"धा मिंटं तरी थांबायचं हुतंस की गं!"

कस्तुरीबाईंनी अंदाजानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"महाराज उद्यापतूर पाण्यावाचून ऱ्हाणार, आन् तू मला धा मिंटं सांगतुयास?"