उपकारस्तुतीचे पाकीट

बुधवारी दुपारी प्यो ब्योंग-उक आपल्या औषधांच्या दुकानात सुका माकूळ चघळत बसले होते. कोरियातल्या गुनसान बंदरापासून दोन गल्ल्या आत असलेले हे दुकान ते बेचाळीस वर्षे चालवत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुक्या माकुळासारखी चिवट मासळी चावता येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. सगळी करामत नव्या कवळीची होती. जुनी कवळी बोलताना खडखडायची, आणि मुळातच लाजाळू असलेल्या प्यो काकांना तेवढे निमित्त पुरले होते. चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या, निवडून आलेल्या वडीलजनांपैकी ते एक. पण चार वर्षे त्यांनी उपासनेत उभे राहून एक शब्द उच्चारला नव्हता.

दाराची घंटी वाजली. मंडळीतल्याच बांग ओक-ही आत आल्या आणि त्यांच्या मागून त्यांची मुलगी हे-रिन. कवळी हिनेच बनवली होती. दातांच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. काकांना तिने तीनदा बोलावून घेतले होते, आणि दर वेळी कानस चालवत "आता 'समुद्रशिंपला' म्हणा, काका" असे म्हणायला लावून आवाज तपासला होता.

"माकूळ?" हे-रिनने त्यांच्या जबड्याकडे बघितले. "काका, कवळी आहे ती. जातं नव्हे."

काका ओशाळून हसले आणि तुकडा कागदात गुंडाळू लागले.

"गप्प गं," ओक-ही म्हणाल्या. "आपण थट्टा करायला आलोय का?" त्यांचा चेहरा सुकून गेला होता. त्यांनी पिशवीतून बायबल काढले आणि त्यातून एक लॅमिनेट केलेले कात्रण. "हे तुम्हीच लिहिलंय ना, काका?"

मंडळीच्या साप्ताहिक पत्रकातले अकरा वर्षांपूर्वीचे सदर होते ते. 'आरोग्याचे चार शब्द'. समलैंगिकता हा रोग आहे, असे त्यात लिहिले होते. लहानपणी आईची माया न मिळाल्याने तो जडतो, रोगी पंचेचाळिशी क्वचितच ओलांडतो, आणि उपवास, औषध व प्रार्थना यांनी तो बरा होतो. खाली नाव होते: प्यो ब्योंग-उक, औषधतज्ज्ञ.

"माझंच," काका म्हणाले.

"हिनं मला ऑगस्टमध्ये सांगितलं." ओक-हींनी आवाज खाली आणला, जणू कपाटातल्या बाटल्या ऐकत होत्या. "एका मुलीबरोबर राहते. तीन वर्षं झाली. मला वाटत होतं, भाडं वाटून घेतात. हिला आता एकतीस. म्हणजे चौदाच वर्षं राहिली, हो ना? माझ्याआधी जाईल ही. आणि तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. हिला जवळ घ्यायला मला वेळ कुठं होता? हिचा बाप बोटीवर, मी मासळीच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करत होते."

हे-रिन खिडकीबाहेर बघत होती.

"सोमवारी हिला डोंगरावरच्या प्रार्थनागृहात नेतेय. चाळीस दिवस. उपास असतो, आणि तिथले मुख्य एक काढा देतात. तुम्ही एवढंच सांगा, त्याच्याबरोबर गोळी कुठली द्यायची? तुम्ही 'औषध' लिहिलंय, नाव नाही लिहिलेलं."

काकांच्या तोंडात माकुळाची चव कडू झाली. नाव लिहिले नव्हते, कारण असे औषध त्यांना तेव्हाही माहीत नव्हते.

"तू जाणार आहेस?" त्यांनी हे-रिनला विचारले.

"जाणार. आई नऊ दिवस पेजेवर आहे. माझी नोकरी जाईल, चाळीस दिवस कोण थांबतं? पण आईपुढं काय करू?" मग तिने अगदी साधेपणाने, कवळीचे माप विचारावे तसे विचारले, "काका, तो पंचेचाळीसचा आकडा कुठून आणला होता तुम्ही?"

प्यो काकांनी माकुळाचा कागद खणात टाकला. "शनिवारी सांगतो," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केले. डॉक्टरची चिठ्ठी आली की ओळीखाली बांबूची पट्टी धरून ती दोनदा वाचायची, हा त्यांचा नेम होता. एकदा स्वतःसाठी, एकदा रोग्यासाठी. बेचाळीस वर्षांत तो मोडला नव्हता. मोडला होता तो एकदाच, हे त्यांना आज कळत होते. तेव्हाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, एका शनिवारी संध्याकाळी एक पातळ पुस्तिका घेऊन आले होते. परदेशी डॉक्टरची आहे, पत्रक छापायला जायचंय, तुमच्या नावानं चार ओळी द्या, असे म्हणाले होते. प्यो काकांनी पट्टी घेतली नव्हती. घाई होती, हे खरे. पण आपल्या ओळखीतल्या कुणाच्या पोटात ते औषध जाणार नाही असे त्यांना वाटले होते, हे त्याहून खरे.

पुस्तिका माळ्यावर सापडली. त्यांनी पट्टी धरली. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, आकड्याचा उगम दिलेला होता: काही वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या बातम्या कापून त्यांतल्या वयांची सरासरी काढली होती.

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. नुकत्याच मेलेल्यांची वयेच तेवढी मोजली होती. जे जिवंत होते, म्हातारे होत होते, त्यांना कुणी विचारलेच नव्हते. इस्पितळाच्या अंत्यविधीगृहाच्या दारात उभे राहून गावाचे आयुष्य मोजण्यातला प्रकार. एखाद्या खोकल्याच्या औषधाबद्दल कुणी असा पुरावा आणला असता तर त्यांनी तो चहाच्या कपाखाली ठेवला असता. जागतिक आरोग्य संघटनेने ही गोष्ट १९९० सालीच रोगांच्या यादीतून काढल्याचे त्यांच्याच कपाटातल्या एका जाड ग्रंथात होते. हौसेने घेतलेला, कधी न उघडलेला ग्रंथ. आईच्या मायेचा मुद्दा तर कुठेच टिकत नव्हता.

"मी विद्वान म्हणवून घेतो स्वतःला," ते बायकोला म्हणाले.

"कोण म्हणवून घेतं? मी तर कधी ऐकलं नाही," नाम-इम म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने संत्र्याचा चहा पुढे सरकवला. "अहो, चुकलं ते सापडलं ना? मग सांगा जाऊन."

शनिवारी मंडळीच्या अंगणात बायकांची किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायची धांदल होती. खारवलेल्या कोबीचे डोंगर, मिरचीने लाल झालेले कोपरापर्यंतचे हातमोजे. काकांनी ओक-हींना बाजूला बोलावले आणि सगळे सांगितले. आकडा, पुस्तिका, यादी. "यात तुमचा दोष नाही. कुणाचाच नाही. कारण हा रोगच नाही."

ओक-हींनी नकारार्थी मान हलवली. "माझी कीव येऊन बोलताय तुम्ही."

"नाही हो, मी तपासलं."

"मग छापलं होतं ते? ते व्यासपीठावरून वाचलं होतं, काका. सगळी मंडळी आमेन म्हणाली होती. आणि हे तुम्ही मला कोबीच्या टोपलीआड सांगताय." त्यांच्या डोळ्यांत मिरचीचे की कसले पाणी होते, कुणास ठाऊक. "खरं असेल तर तिथंच सांगा, जिथं ते सांगितलं होतं. नाहीतर सोमवारी सव्वानऊची बस आहे."

काका तडक आताच्या शिम पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. पत्रकात दुरुस्ती छापायची विनंती केली. पाळकसाहेब माणूस प्रेमळ. त्यांनी काकांच्या हातात नासपतीच्या फोडी कापून दिल्या. "काका, नाताळनंतर बघू. वडीलजनांच्या सभेत मांडू. उद्या उपकारस्तुतीचा रविवार, लोक आनंदात असतात. आता कशाला?"

फोडी गोड होत्या. काकांनी त्या संपवल्या, आभार मानले आणि बाहेर आले. आपण नेहमी असेच बाहेर येतो, असे त्यांना वाटले. दाराशी टेबलावर पाकिटांची चळत होती. दर साली उपकारस्तुतीच्या रविवारी प्रत्येक जण पाकिटावर आपले नाव आणि देवाचे आभार कशासाठी ते लिहितो, आणि पाळक ते सर्वांसमोर वाचतात. शिम पाळकसाहेबांना अभिमान होता, की गेल्या नऊ वर्षांत त्यांनी एकही पाकीट वगळले नव्हते. एका आजीने मांजर परत आल्याबद्दल आभार मानले होते, तेही त्यांनी वाचले होते.

काकांनी एक पाकीट खिशात घातले.

रविवारी व्यासपीठापुढे भोपळे, मुळे, पेरूच्या रंगाच्या नासपती आणि तांदळाची पोती रचली होती. पाळकसाहेब लयीत वाचत होते. नातू गाडी चालवायची परीक्षा सहाव्या प्रयत्नात पास. आमेन. गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. आमेन. सून गोड बोलू लागली. आमेन, आणि हशा.

"प्यो ब्योंग-उक. माझी चूक मी जिवंत असतानाच सापडली, म्हणून उपकारस्तुती."

"आमेन!" मंडळी दणक्यात म्हणाली.

पाळकसाहेबांचे डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी पाकीट उलटे केले, सुलटे केले. "पुढचं... अक्षर जरा लागत नाहीये."

शेजारच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजले, "काकांचं अक्षर? ते तर छापल्यासारखं असतं."

काकांना शंका आली. आपलेच काही चुकत असेल तर? अकरा वर्षांपूर्वी खात्री होती, तशीच आजही असेल तर? पण आज त्यांनी पट्टी धरली होती. चारदा. ते उठले. "मी वाचतो, साहेब. पाठ आहे मला."

पाळकसाहेबांनी हात किंचित वर केला, आणि मग खाली घेतला. थांबवले नाही. काका पुढे आयुष्यभर त्या खाली आलेल्या हाताचेही आभार मानणार होते.

"अकरा वर्षांपूर्वी मी या पत्रकात समलैंगिकतेला रोग म्हटलं होतं. ते खोटं होतं. मी तपासलं नव्हतं. तो रोग नाही. त्यानं कुणी लवकर मरत नाही. त्यात कुठल्याही आईचा दोष नाही. त्यावर औषध नाही, कारण औषध लागतच नाही. माझ्या नावामुळं ज्यांची झोप गेली, त्यांची मी क्षमा मागतो. आणि हा आकडा कुठून आणला असं जिनं मला विचारलं, तिच्याबद्दल मी देवाची उपकारस्तुती करतो. हे बोलायला दात तिनंच दिले."

एकही आमेन आला नाही. वडीलजनांच्या बाकावरचे दोघे सरळ समोर बघत होते. आणि मग पहिल्या रांगेतल्या साफ बहिऱ्या आजी, ज्या कुणी बोलायचे थांबले की आमेन म्हणत, त्या खणखणीत म्हणाल्या, "आमेन!"

कुणीतरी फस्सकन हसले. मागून नाम-इम म्हणाली, "आमेन." आणखी दोन-चार आवाज आले. फार नाहीत. पाळकसाहेबांनी पुढचे पाकीट उचलले.

जेवणाच्या वेळी काकांच्या टेबलाशी नेहमीचे दोघे बसले नाहीत. वडीलजनांची सभा शुक्रवारी बोलावल्याचे त्यांना सांगण्यात आले. ओक-ही न जेवता गेल्या.

सोमवारी काकांनी आठलाच दुकान उघडले. सव्वानऊ वाजले, साडेनऊ झाले. बसथांबा दुकानातून दिसत नाही. त्यांनी तीन वेळा एकच कप्पा पुसला.

पावणेदहाला घंटी वाजली. ओक-हींच्या हातात किमचीचा डबा होता. तो त्यांनी काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला आणि शेजारी ते लॅमिनेट केलेले कात्रण.

"हे तुमचं, ठेवा. मला नवीन लिहून द्या. काल बोललात ते सगळं. आईचं वाक्य जरा मोठ्या अक्षरात. खाली सही आणि औषधतज्ज्ञ असंही लिहा. मी लॅमिनेट करून घेते."

"बसला नाही गेलात?"

"काल घरी जाऊन दोन वाट्या भात खाल्ला हिनं," मागून आलेली हे-रिन म्हणाली. तिच्या अंगावर कामाचा पांढरा डगला होता.

"दीड," ओक-ही म्हणाल्या. "आणि माझं सगळं पटलंय असं समजू नका कुणी. चौदा वर्षांची भीती गेली, एवढंच."

काकांनी कागद घेतला, बांबूची पट्टी ठेवली आणि लिहू लागले. अक्षरे वाकडी येत होती. डोळे पुसायला मधे थांबावे लागले. आयुष्यभर पुस्तके वाचून जे हाताला लागले नव्हते ते कुणीतरी आयते काउंटरवर आणून ठेवले होते, आणि वर किमचीही.

हे-रिन त्यांच्या तोंडाकडे बारकाईने बघत होती. "काल 'उपकारस्तुती' म्हणताना खालची कवळी हलली ना?"

"थोडीशी."

"मला ऐकू आलं. बुधवारी साडेपाचला प्रयोगशाळेत या, घासून देते. आणि तोपर्यंत माकूळ बंद."